मूठ

तागाच्या जुन्या गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस.
खाली डंडी शहर, पुढे टे नदी,
आणि समुद्रावरून आत शिरणारं धुकं,
पूल अर्ध्यावरच खोडून टाकणारं.
तीन आठवडे मी एक घर काढतेय.

छपराच्या जागी बदाम.
मग छपराच्या जागी दोन तळवे.
मग घरटं. ते लगेच फाडलं,
घरट्यात परकं अंडं कोण ठेवून जातं हे
युनाने नुसत्या भुवईने विचारलं.

युना पेट्री. बावीस वर्षांत एकतीस मुलं
तिच्या जिन्यावरून वर गेली, खाली आली.
कुणाचा मुक्काम सहा वर्षं,
कुणाचा शनिवार-रविवार.
सल्लागार म्हणून येते, मानधन घेते,
उरलेली बिस्किटं बिनदिक्कत पर्समध्ये टाकते.

वस्तू साधीच: एक पेटी.
परक्या घरातल्या पहिल्या चाळीस दिवसांसाठी.
आत पत्ते, खडू, दोघांनी मिळून भरायची वही:
झोपताना दार उघडं लागतं की बंद?
कुठल्या वासाने पोटात गोळा येतो?
पैसे ऑक्टरलोनीबाईंचे, घाईही त्यांचीच.
त्यांना झाकणावर जिव्हाळा हवाय,
ठळक, लांबून वाचता येईल असा.

मी अक्षरं जुळवत बसते.
फार जवळ आणली की एकमेकांच्या अंगावर रेलतात,
लांब नेली की बसथांब्यावरची अनोळखी माणसं.
केसभर सरकवायचं. मान मागे घेऊन बघायचं.
परत केसभर.
हे काम मला येतं.
हे एवढंच येतं.

गुरुवारी युनाबरोबर टॅव्हिश आला. वय नऊ,
कोटाची चेन हनुवटीपर्यंत लावलेली.
मी नमुना पुढे ठेवला:
मऊ काळी पेटी, वर चांदीच्या रेषेतलं घर.
त्याने हात लावला नाही.
"काळी का?"
भारदस्त दिसते, मी म्हटलं.
"माझं सामान काळ्या पिशवीत होतं," तो म्हणाला,
"कचऱ्याच्या. दोनदा फाटली."

युना खिडकीबाहेर बघत राहिली.
बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं.

मग त्याने झाकण उघडलं, खडू मोजले,
एक कमी आहे म्हणाला (खरंच कमी होता),
आणि झाकण लावता लावता, माझ्याकडे न बघता:
"ही माझी, की त्या घराची?"

चौदा पानांचं ब्रीफ. मी रात्री सगळं चाळलं.
रंगाविषयी दीड पान. स्वराविषयी तीन.
पेटी कुणाची, हे कुठेच नाही.
अडीचच्या सुमाराला मी घर पुसलं,
बदाम, तळवे, सगळं पुसलं,
आणि रिकाम्या पेटीला एक मूठ काढली.
तागाच्या दोरीची, जाड,
लहान पंजात मावेल अशी.

"मूठ म्हणजे निघायची तयारी,"
ऑक्टरलोनीबाई म्हणाल्या, "आणि आपण
राहणं विकतोय."
खोटं नव्हतं ते. मला उत्तर सुचलं नाही.

युनाने चहात बिस्कीट बुडवलं, ते तुटून आत पडलं.
चमच्याने काढत म्हणाली,
"माझ्याकडे एक पोर होती. चार महिने
बूट घालूनच झोपायची, नाडीसकट.
मी काढ म्हटलं नाही.
पलंगाशी बुटांपुरती जागा केली, बस."
पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही,
कुणी विचारलंही नाही.

मूठ मंजूर झाली. लोगो अजून नाही.
रंग टॅव्हिशने सुचवलाय:
बसच्या सीटचा, तो मळकट मोहरी.
ऑक्टरलोनीबाई त्यावर विचार करतायत.

काल युनाचा फोन. बिलाबद्दलच होता.
ठेवता ठेवता म्हणाली,
पेटी वरच्या खोलीतून स्वयंपाकघरात आली.
सतरा पायऱ्या, एकट्याने,
टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी.

झाकणावर नावासाठी पट्टी सोडलीय मी.
त्याने नाव लिहिलंय का, मी विचारलं.
अजून नाही, ती म्हणाली.
पेन दिलं होतं, ते परत केलं.
पेन्सिल मागितलीय.